उद्यान मुलांचे, मुक्काम सगळ्यांचा

परीक्षा संपल्या की घराघरांत एकच विषय निघतो: या सुट्टीत जायचे कुठे? दादी-नानीच्या गावी जाऊन येणे होतेच, पण त्यानंतर मुले इमॅजिकाचे नाव काढतात. वर्गातले कोणीतरी जाऊन आलेले असते आणि त्याने राइड्सचे व्हिडिओ सगळ्यांना दाखवलेले असतात. मग घरात तिकिटांची चौकशी सुरू होते, गाडी करायची की रेल्वेने जायचे यावर चर्चा होते. राहायचे कुठे, हा प्रश्न मात्र सर्वांत शेवटी येतो. एखाद्या रात्री मोबाईलवर सर्वांत स्वस्त दिसलेली जागा ठरवून घरचे मोकळे होतात.

आम्ही आमच्या मोठ्या कुटुंबासह या भागात काही वेळा राहून आलो आहोत. घाटावरचा बंगला घेऊन पाहिला आणि घाटाखालच्या हॉटेलातल्या खोल्याही घेतल्या. त्यावरून आमचे मत असे झाले आहे की सहलीचे यश राइड्सपेक्षा मुक्कामावर जास्त अवलंबून असते. उद्यानात जेमतेम आठ-नऊ तास जातात. दिवसाचे उरलेले पंधरा तास मुक्कामाच्या जागी जातात आणि घरातल्या काही जणांचा तर पूर्ण दिवस तिथेच जातो.

किती रात्री?

हे उद्यान २०१३ साली सुरू झाले, त्याचे वॉटर पार्क पुढच्या वर्षी. ते रायगड जिल्ह्याच्या खालापूर तालुक्यात, खोपोली-पाली रस्त्यावर आहे. छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) येथून रस्त्याने अंतर साधारण सव्वातीनशे किलोमीटर पडते. अहिल्यानगर, शिरूर करत शिक्रापूरपर्यंत रस्ता बरा सरकतो. तिथून पुणे शहर टाळण्यासाठी लोक चाकण-तळेगावचा रस्ता धरतात आणि त्या रस्त्यावर ट्रकांच्या रांगेत तास-दीड तास सहज जातो. म्हणजे जाण्यातच एक दिवस संपला.

म्हणून दोन रात्रींचा मुक्काम धरावा. पहिल्या दिवशी पोहोचून आराम करावा, दुसरा दिवस उद्यानासाठी ठेवावा आणि तिसऱ्या दिवशी फज्रनंतर परत निघावे. एका रात्रीचे भाडे वाचवण्यासाठी उद्यानातून थेट परतीचा रस्ता धरणारी कुटुंबे आम्ही पाहतो. दिवसभर उन्हात फिरलेल्या माणसाने रात्री सव्वातीनशे किलोमीटर गाडी चालवणे, तेही मागे मुले झोपलेली असताना, हे धोक्याचे आहे. ते भाडे वाचवू नये.

उद्यानालगतचे हॉटेल की बाहेर?

उद्यानाला लागूनच मोठे हॉटेल आहे. नवरा-बायको आणि एक-दोन मुले एवढेच कुटुंब असेल तर त्याचा विचार जरूर करावा. चालत ये-जा होते, लहान मूल थकले तर खोलीवर आणता येते. आपली घरे मात्र बहुधा एवढी लहान नसतात. दादा-दादी, दोन भाऊ, त्यांच्या बायका आणि मुले मिळून आठ-दहा माणसे होतात. इतक्यांना तिथे तीन-चार खोल्या लागतात आणि खर्च आवाक्याबाहेर जातो. त्यामुळे बहुतेकांना बाहेरच जागा शोधावी लागते.

घाटावर की घाटाखाली?

बाहेर राहायचे तर मुख्य पर्याय दोन. पहिला खोपोली आणि तिच्या आसपासचा. इथून उद्यान दहा किलोमीटरच्या आत आहे, रिक्षाही मिळते. रेल्वेने येणाऱ्यांसाठीही हेच सोयीचे. आपल्याकडून मुंबईला जाणाऱ्या देवगिरी, तपोवन यांसारख्या गाडीने कल्याणला उतरावे आणि तिथून कर्जतमार्गे खोपोलीची लोकल धरावी. इथे बाजार आहे, मशीद आहे, दवाखाने आहेत. मात्र खोपोली घाटाच्या पायथ्याशी असल्याने मे महिन्यात कोकणासारखा दमट उकाडा असतो. आपला मराठवाड्याचा उन्हाळा कोरडा असतो आणि या घामाची सवय आपल्याला नसते. इथे एसी आहे का, आणि वीज गेल्यावर जनरेटरवर तो चालतो का, हे विचारूनच खोली घ्यावी.

दुसरा पर्याय लोणावळा-खंडाळ्याचा. समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर असल्याने रात्री हवा थंड होते. बंगले पुष्कळ, हॉटेलेही सर्व दरांची. जवळच कार्ल्याला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे निवासस्थान आहे आणि तिथे आवारही मोठे आहे. पण इथून उद्यान पंचवीस-तीस किलोमीटर, तेही घाट उतरून. शनिवारी-रविवारी घाटात वाहनांच्या रांगा लागतात. घाटात उलटी होणारे मूल किंवा चक्कर येणारे आजोबा बरोबर असतील तर हे दोन वेळचे जाणे-येणे विचारात घ्यावे.

यांखेरीज कर्जतकडे फार्महाऊस आहेत. ती ऐसपैस असतात, पण बहुतेक गावाबाहेर असल्याने स्वतःची गाडी हवीच. उद्यानाच्या पुढे पालीला अष्टविनायकांपैकी एक देवस्थान आहे. तिथल्या निवासाच्या सोयी मुख्यतः भाविकांसाठी आहेत आणि जेवण शाकाहारी असते, हे लक्षात घेऊन ठरवावे.

दिवस कोणताही चालणार असेल तर मंगळवार-बुधवार धरावा. भाडे कमी असते आणि गर्दीही कमी असते. शुक्रवार प्रवासात किंवा उद्यानात येऊ देऊ नये, म्हणजे जुम्याची ओढाताण होत नाही.

जे राइडमध्ये बसणार नाहीत

जागा निवडताना आम्ही एक प्रश्न आधी विचारतो: घरातले कोण उद्यानात जाणार नाही? गुडघे दुखणारी दादी, मधुमेहाचे दादा, पोटात बाळ असलेली सून, सहा महिन्यांचे मूल असलेली आई. यांना दिवसभर उन्हात बाकावर बसवून ठेवण्यात त्यांना सुख नाही आणि त्यांच्या तिकिटाचे पैसेही जातात. त्यांना मुक्कामीच आरामात राहता आले तर सर्वांचाच दिवस चांगला जातो.

त्यासाठी तळमजल्यावरची खोली हवी किंवा लिफ्ट चालू हवी. कमोडची सोय आणि शौचालयात पाण्याचा जेट किंवा निदान लोटा हवा. बसायला ओसरी किंवा गॅलरी हवी. चालत जाता येईल इतक्या अंतरावर औषधाचे दुकान असावे आणि मशीद असेल तर फारच उत्तम. हे सगळे जाहिरातीच्या फोटोत दिसत नाही, फोन करूनच विचारावे लागते.

स्वयंपाकघर कोणासाठी?

आता सर्वांत महत्त्वाचे. बंगला घेताना पुरुष मंडळी हमखास म्हणतात, ‘किचन आहे, घरीच बनवू, हलालचाही प्रश्न मिटेल आणि पैसेही वाचतील.’ हे ऐकायला बरे वाटते. पण बनवणार कोण?

एक हिशेब मांडून पाहू. आकडे केवळ उदाहरणाचे आहेत, आपल्याला मिळालेले दर त्यात घालावेत. नऊ माणसे, दोन रात्री. बंगल्याचे भाडे रात्रीला १०,००० रुपये धरले तर २०,००० आणि किराणा-मांस-भाजीचे ४,००० मिळून २४,००० रुपये. दुसरीकडे हॉटेलच्या ३,००० रुपयांच्या तीन खोल्या, दोन रात्रींचे १८,०००, त्यावर ५ टक्के जीएसटीचे ९०० आणि बाहेरच्या जेवणाचे ९,००० मिळून २७,९०० रुपये. बंगला ३,९०० रुपयांनी स्वस्त पडला.

एवढ्या पैशांसाठी घरातल्या दोन सुना दोन दिवस नऊ माणसांचा चहा, नाश्ता आणि जेवण करणार, अनोळखी चुलीवर आणि अपुऱ्या भांड्यांत. रात्री उद्यानातून सगळे थकून आल्यावर बाकीचे आडवे होणार आणि त्या कणीक मळायला घेणार. वर्षातून एकदा येणारी सुट्टी त्यांच्या वाट्याला आलीच नाही. इसराफ टाळणे आपले कर्तव्यच आहे, पण बचतीचा सारा भार एकाच्याच अंगावर टाकणे हीही काटकसर म्हणता येणार नाही.

मधला मार्ग आहे आणि तो आम्हाला सर्वांत चांगला वाटला. पुष्कळ बंगल्यांवर केअरटेकर असतो आणि त्याच्या घरची मंडळी माणशी दराने जेवण बनवून देतात. आपण खोपोलीच्या किंवा लोणावळ्याच्या बाजारातून आपल्या खात्रीच्या दुकानातले मांस आणून द्यावे, त्यांनी शिजवावे. हे आधी बोलून घ्यावे, कारण काही घरांत मांस शिजवत नाहीत आणि त्यांच्या रीतीचा मान राखायला हवा. अशा ठिकाणी डाळ-भात, पिठले, भाकरी आनंदाने खावी. पहिल्या रात्रीसाठी घरून शामी कबाब आणि पराठे न्यावेत. आपला नान-कलिया सर्वांचा लाडका खरा, पण रश्श्याचा पदार्थ मे महिन्याच्या उन्हात आठ तास गाडीत टिकत नाही.

आणि किचन वापरायचेच ठरले तर पाळ्या लावाव्यात. एक वेळ भावांची, एक वेळ मोठ्या मुलांची. अंडा-भुर्जी आणि खिचडी कोणालाही जमते.

पाण्याची भीती बाळगावी

बंगल्याच्या जाहिरातीत निळा स्विमिंग पूल पुढे असतो. मुले त्यावरच भाळतात. पण या खासगी पुलांवर बहुधा जीवरक्षक नसतो आणि लहान मुले त्यांत बुडाल्याच्या बातम्या या भागातून आलेल्या आहेत. पुलाला कुंपण आहे का, दाराला कुलूप लागते का, खोली किती, हे विचारावे. समाधान झाले नाही तर पूल नसलेली जागा घ्यावी, वॉटर पार्क आहेच. पूल असेल तर एका मोठ्या माणसाने मोबाईल बाजूला ठेवून फक्त मुलांवर लक्ष ठेवावे.

पावसाळ्यात जाणाऱ्यांनी तर जास्तच जपावे. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात पुण्याच्या हडपसर भागातल्या एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यांत चार लहान मुले होती. अल्लाह त्यांना जन्नत नसीब करो. वर डोंगरात पाऊस झाला की खालचा ओढा काही क्षणांत फुगतो. मुक्कामाजवळ ‘खासगी धबधबा’ आहे म्हणून कोणी जागा गळ्यात मारत असेल तर ती नको म्हणावी.

नमाज, पडदा आणि ओले कपडे

किब्ल्याची दिशा आपल्याकडच्यासारखीच, पश्चिमेला आणि किंचित उत्तरेकडे. जानमाज बरोबर न्यावीत. एवढ्या लांबच्या प्रवासात कसरची सवलत आहे, तिचे तपशील निघण्यापूर्वी आपल्या इमामसाहेबांना विचारून घ्यावेत.

वॉटर पार्कमध्ये सुती कपड्यांत पाण्यात उतरू देत नाहीत, नायलॉनसारख्या कापडाचा पोहण्याचा पोशाख लागतो. अंग पूर्ण झाकणारा असा पोशाख आपल्या शहरातही मिळतो, तो आधीच घ्यावा. नऊ जणांचे ओले कपडे वाळवायला मुक्कामी दोरी आणि आडोसा हवा. बंगला घेत असाल तर शेजारच्या बंगल्यातून अंगणात थेट दिसते का, हेही विचारावे. आपल्या बहिणींना दोन दिवस मोकळेपणाने वावरता आले पाहिजे.

नाव सांगून, लेखी घेऊन

हे लिहिणे सुखाचे नाही, पण लिहायला हवे. काही ठिकाणी नाव ऐकल्यावर ‘बंगला रिकामा नाही’ असे उत्तर मिळते. अनुभव कडू आहे आणि तो रात्री दहा वाजता, मुलांसमोर, बंगल्याच्या फाटकावर येण्यापेक्षा आठवडाभर आधी फोनवर आलेला बरा. म्हणून बुकिंग पूर्ण नावाने करावे, किती माणसे आणि किती मुले ते सांगावे, जेवणाविषयी स्पष्ट बोलावे आणि होकार मेसेजवर लेखी घ्यावा. अगत्याने ठेवून घेणारे मालकही पुष्कळ आहेत, त्यांचे नंबर जपून ठेवावेत आणि नातेवाइकांना द्यावेत. पैसे घेऊन ऐनवेळी कोणी नाकारले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते.

पैसे देतानाही सावध असावे. दुसऱ्याच्या बंगल्याचे फोटो दाखवून ॲडव्हान्स उकळणारे भामटे सुट्टीच्या दिवसांत फार असतात. व्हिडिओ कॉल करून जागा दाखवायला सांगावी, नकाशावर ती शोधावी, जवळच्या दुकानदाराला विचारावे. सगळी रक्कम आधी भरू नये. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करावा.

कराचेही विचारून घ्यावे. हॉटेलच्या खोलीचे दिवसाचे भाडे ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के जीएसटी आहे, त्यापुढे १८ टक्के. दर करासह आहे की कर वेगळा, जादा गादीचे किती, अनामत किती, चेक-इन किती वाजता, ही उत्तरेही मेसेजवरच असावीत. देवगिरीने पहाटे कल्याणला उतरणाऱ्यांना खोली दुपारी मिळणार असेल तर सामान ठेवायची आणि हात-पाय धुवायची सोय आधी ठरवावी.

हे सारे ठरवायला एक संध्याकाळ पुरते. जेवणे झाल्यावर दस्तरखानावरच सर्वांनी बसावे. राइड्सविषयी मुलांना विचारावे, पण मुक्कामाविषयी आधी दादीला, मग घरातल्या सुनांना विचारावे. त्या ज्या जागेला हो म्हणतील तिथे फोन लावावा. इन्शाअल्लाह, सुट्टी सर्वांनाच लाभेल.