ऊसतोडीला जाताना औषध आणि कागद बरोबर न्या

दिवाळी आटोपली की साक्री तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातील पाडे रिकामे होऊ लागतात. पिंपळनेर, कुडाशी, दहिवेल या बाजूंनी ट्रक भरतात. त्यात भांडीकुंडी, गोधड्या, कोंबड्या, कडेवरची पोरे आणि कोयते. कोंडाईबारीचा घाट उतरून नवापूर मागे टाकले की गुजरात. पुढे बारडोली, चलथाण, मढी, गणदेवी अशा कारखान्यांच्या फडांवर चार-पाच महिने तोड, आणि आखाजीच्या सुमारास परत.

परदेशात घरकामाला गेलेल्या बायांचे हाल, निर्वासितांच्या छावण्या, त्यांचे हक्क यांविषयी आपण वर्तमानपत्रात वाचतो आणि हळहळतो. आपल्या तालुक्यातील माणसेही दरवर्षी एक सरहद्द ओलांडतात, हे मात्र सहसा ध्यानात येत नाही. नवापूर रेल्वे स्थानकाचा काही भाग महाराष्ट्रात आणि काही गुजरातेत आहे. फलाटावरून चालताना राज्य बदलल्याचे पायांना कळत नाही. आजारालाही कळत नाही. कळते ते फक्त दवाखान्याच्या रजिस्टरला.

ही गोष्ट काही आजची नाही. यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकात बारडोली भागातील तोडकऱ्यांचा अभ्यास केला, तेव्हा तिकडे या मजुरांना सरसकट ‘खानदेशी’ म्हणत. आपल्याकडे भाडण्याचा पांझरा-कान कारखाना उभा राहिला खरा, पण तोही पुढे बरीच वर्षे बंद पडला. उचल घ्यायची, नवरा-बायको मिळून एक कोयता धरायचा आणि उचल फिटेपर्यंत तोडायचे, हा क्रम चालूच आहे.

अशा मजुरांसाठी संसदेने १९७९ साली आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा केला. राहण्याची योग्य सोय, मोफत औषधोपचार, फोटो असलेले पासबुक या गोष्टी त्यात होत्या. मजूर दगावला किंवा गंभीर जखमी झाला तर दोन्ही राज्यांच्या अधिकाऱ्यांना आणि नातेवाइकांना कळवावे, असेही त्यात लिहिले होते. आता त्याची जागा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संहितेने घेतली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. तिच्यात वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी आणि जाण्या-येण्याचा भत्ता आहे. मात्र जेथे असे दहा किंवा अधिक मजूर असतील तेथेच हे प्रकरण लागू होते. जुन्या कायद्यात हा आकडा पाच होता. शिवाय ‘मजूर आमचे नाहीत, मुकादमाचे आहेत’ हे कारखान्याचे ठरलेले उत्तर असतेच. म्हणून निघण्यापूर्वी टोळीतील सर्वांची नावे, मुकादमाचे नाव आणि कारखान्याचे नाव एका कागदावर लिहून त्याची एक प्रत घरी ठेवावी. अपघात झाला तर हाच कागद कामी येतो.

आता वैद्यकीय बाजू. सर्वांत काळजी वाटते ती क्षयरोग्यांची. टीबीचे औषध साधारण सहा महिने रोज घ्यावे लागते. दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढते, रोग्याला वाटते आपण बरे झालो, आणि नेमका त्याच वेळी ट्रक येतो. औषध अर्धवट सुटले की जंतू औषधाला दाद देईनासे होतात आणि पालातल्या एकाच छपराखाली झोपणाऱ्या लेकरांना रोग लागतो. हे टाळणे अवघड नाही. टीबी रोग्याची नोंद ‘निक्षय’ या देशभरच्या संगणक यंत्रणेत असते. निघण्याच्या आठ दिवस आधी आपल्या आरोग्य केंद्रात जाऊन ‘आम्ही अमुक तालुक्यात चाललो’ एवढे सांगितले, तर नोंद तिकडे पाठवता येते आणि औषध तिकडच्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. निक्षय क्रमांक चिठ्ठीवर लिहून घ्यावा. पोषणासाठी महिन्याला मिळणारे पैसे नोव्हेंबर २०२४ पासून ५०० चे १००० रुपये झाले आहेत. ते बँक खात्यात जमा होतात, त्यामुळे गाव सोडल्याने बुडत नाहीत.

दुसरा आजार सिकलसेल. आपल्या भिल्ल, पावरा, कोकणा समाजांत तो आढळतो. यात रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे, सांधे, पोट असह्य दुखते. हे दुखणे उसळवणाऱ्या गोष्टी कोणत्या? अंगातील पाणी कमी होणे, अतिश्रम, थंडी आणि ताप. पहाटेच्या गारठ्यात कोयता धरून दुपारच्या उन्हापर्यंत मोळ्या वाहणाऱ्याच्या वाट्याला यांतले सगळे येते. सिकलसेलचा रोगी (‘वाहक’ नव्हे, प्रत्यक्ष रोगी) तोडीला पाठवूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. घरची परिस्थिती मला ठाऊक आहे, तरीही. जावेच लागले तर फॉलिक ॲसिड व हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या पुरेशा न्याव्यात, तपासणीचे कार्ड जवळ ठेवावे आणि दुखणे उठताच इंजेक्शनवाल्याकडे न जाता सरकारी रुग्णालय गाठावे. जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत आदिवासी भागात ही तपासणी मोफत होते.

अंगदुखीच्या गोळ्यांबद्दल थोडे लिहायलाच हवे. तोडकरी सकाळी एक, रात्री एक अशा वेदनाशामक गोळ्या महिनोन्‌महिने खातात. मध्य अमेरिकेतील निकाराग्वा, एल साल्वाडोर या देशांत ऊस तोडणाऱ्या तरुण गड्यांची मूत्रपिंडे, मधुमेह वा रक्तदाब नसतानाही, निकामी होत असल्याचे काही दशकांपूर्वी डॉक्टरांच्या लक्षात आले. उन्हातले कष्ट आणि अपुरे पाणी हे त्याचे एक मोठे कारण मानतात. तेथे काही ठिकाणी आता मजुरांना ठरावीक वेळाने सावलीत बसवून पाणी पाजतात. आपल्या फडात तशी सोय कोण करणार? निदान घोट घोट पाणी दिवसभर प्यावे, लघवी गडद पिवळी झाली की पाणी कमी पडले असे समजावे, आणि कोरड्या अंगावर वेदनाशामक गोळी घेऊ नये.

पाचटाचे पाते डोळ्याला लागले तर घरातले जुने थेंब टाकू नका. काही थेंबांत स्टिरॉइड असते; त्याने बुरशीची जखम वाढून डोळ्यात फूल पडते. साप चावल्यास दोरी आवळणे, चिरा देणे बंद करा. १०८ ची गाडी गुजरातेतही येते.

गरोदर बाईने माता-बाल संरक्षण कार्ड पदराला बांधून न्यावे, असे मी म्हणतो. कोणत्याही राज्यातील सरकारी दवाखान्यात बाळंतपण मोफत आहे; त्यासाठी गावचा दाखला लागत नाही. मुलांच्या लसींचे तेच. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांचे डोस, नवव्या महिन्याची गोवराची लस, यांतले काही चुकले तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिलेले पुढे द्यायचे. गुजरातीत लसीला ‘रसी’ आणि गोवराला ‘ओरी’ म्हणतात. हे दोन शब्द आयांनी लक्षात ठेवले तरी पुष्कळ काम होते. अहिराणी बोलणाऱ्याला गुजराती काही परकी वाटत नाही.

बायकांच्या आणखी एका दुखण्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. २०१९ मध्ये राज्य सरकारच्या समितीने बीड जिल्ह्यातील सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा १३ हजारांहून अधिक बायकांची गर्भपिशवी काढलेली आढळली. पांढरे जाणे, ओटीपोट दुखणे यांवर बहुतेक वेळा गोळ्यांनी उपचार होतो. पाळीमुळे खाडा पडतो म्हणून, किंवा ‘कॅन्सर होईल’ या धाकाने, तिशीतल्या बाईची पिशवी काढणे हा उपचार नव्हे. कोणी तसे सांगितले तर धुळ्याच्या सरकारी रुग्णालयात दुसरे मत घ्यावे.

रेशनचा प्रश्न बराच सुटला आहे. ऑगस्ट २०१९ पासून महाराष्ट्राचे कार्ड गुजरातेत आणि तिकडचे इकडे चालू लागले. पुढे सारा देश जोडला गेला. माणशी पाच किलो धान्य तेथील दुकानात अंगठा लावून मिळते. घरी राहिलेल्या म्हाताऱ्यांचा वाटा इकडे आणि टोळीतल्यांचा तिकडे, असेही घेता येते. उधारीचे पीठ मुकादमाकडून कशाला घ्यायचे? आयुष्मान कार्डही योजनेतील तिकडच्या रुग्णालयात चालते, पण भरती झाल्यावरच. साध्या तापखोकल्यासाठी नाही.

आपल्याकडेही बाहेरची माणसे येतात, हेही सांगायला हवे. वीटभट्टीवर, मेंढ्या घेऊन, भिक्षा मागत. १ जुलै २०१८ रोजी याच तालुक्यात राईनपाडा येथे मुले पळवणारे समजून भटक्या समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. तेही पोटासाठीच गाव सोडून आले होते. आपल्या गावाबाहेर पाल पडले की आशाताईंना कळवावे. तेथल्या मुलांनाही डोस द्यायचे असतात.

आखाजीला माणसे परत येतात, आणि लगेच लग्नसराई. त्या गडबडीतच तीन कामे करून घ्यावीत. पाच वर्षांखालील मुलांचे वजन अंगणवाडीत करावे. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असलेल्याचा बेडका तपासावा. आणि लग्न ठरलेल्या मुलामुलीची सिकलसेल तपासणी सुपारी फुटण्यापूर्वी करावी. दोघेही वाहक निघाले तर प्रत्येक खेपेला बाळाला हा आजार होण्याचा संभव चारात एक असतो.