क्षयरोगाची ओळख – लेखांक ६ : हाडे आणि सांधे

हाडांच्या क्षयाची सुरुवात बहुधा फुफ्फुसात होते. श्वासावाटे शिरलेले जंतू रक्तातून हाडापर्यंत पोहोचतात आणि कित्येकदा वर्षानुवर्षे तिथे निपचित पडून राहतात. प्रतिकारशक्ती खालावली की ते डोके वर काढतात. तोवर छातीचा एक्स-रे स्वच्छ असू शकतो, खोकलाही नसतो. त्यामुळे टीबीची शंका घरच्यांना येत नाही आणि कधीकधी डॉक्टरांनाही येत नाही. हाडांच्या क्षयाच्या जवळपास निम्म्या रुग्णांत तो मणक्यात होतो, त्याखालोखाल खुब्यात आणि गुडघ्यात.

मणक्याच्या या आजाराचे वर्णन लंडनचे शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ मध्ये केले. जंतू मणक्याच्या पुढच्या भागात, चकतीच्या लगत वाढतात. शेजारचे दोन मणके पोखरले जातात, मधली चकती खचते आणि पुढची बाजू ढासळल्याने पाठीला कुबड येते. आत पू साचतो, पण वरची कातडी लाल किंवा गरम होत नाही, म्हणून याला थंड गळू म्हणतात. कमरेच्या मणक्यातला पू स्नायूच्या आवरणातून खाली उतरून जांघेत गाठ होऊन दिसतो. ती हर्निया समजली जाण्याचा धोका असतो.

रोग हळूहळू वाढतो. विश्रांती घेऊनही न थांबणारी पाठदुखी, संध्याकाळी कणकण, भूक मंदावणे, वजन उतरणे ही लक्षणे महिनोन्‌महिने चालतात. जमिनीवर पडलेली वस्तू उचलायला सांगितले, तर रुग्ण कमरेत वाकत नाही. पाठ ताठ ठेवून, मांडीवर हात टेकत गुडघ्यांत वाकतो. खुब्याच्या क्षयात लहान मूल लंगडते आणि रात्री झोपेत किंचाळून उठते, कारण दिवसभर सांधा आवळून धरणारे स्नायू झोपेत सैल पडतात आणि दुखरा सांधा हलतो. पायांत मुंग्या येणे, चालताना तोल जाणे, लघवीवरचा ताबा सुटणे ही मज्जारज्जू दाबला जात असल्याची चिन्हे आहेत. अशा वेळी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

हाडातले खनिज बऱ्याच प्रमाणात झिजल्याशिवाय एक्स-रेवर काही दिसत नाही. एमआरआयमध्ये रोग खूप आधी कळतो. पण कर्करोगाची गाठ, इतर जंतूंचा संसर्ग किंवा ब्रुसेलोसिस यांचे चित्रही त्यासारखेच दिसू शकते. रक्तातला वाढलेला ईएसआर यातला फरक सांगत नाही. म्हणून शक्य असेल तिथे औषध सुरू करण्याआधी नमुना घेणे हाच योग्य मार्ग आहे. सीटी स्कॅनच्या मदतीने सुई घालून पू किंवा हाडाचा तुकडा काढता येतो. इथे एक साधी चूक महागात पडते: सगळा तुकडा फॉर्मेलिनमध्ये टाकला, तर जंतू मरतात आणि कल्चर होऊच शकत नाही. एक भाग फॉर्मेलिनमध्ये पेशींच्या तपासणीसाठी आणि दुसरा सलाईनमध्ये सीबीनॅट व कल्चरसाठी पाठवावा लागतो. हाडात जंतू कमी असल्याने एखादी चाचणी निगेटिव्ह आली, तरी क्षय नाही असे ठरत नाही. सीबीनॅट काही तासांत रिफाम्पिसिन लागू पडेल का तेही सांगते. कल्चरला मात्र सहा आठवड्यांपर्यंत वेळ लागतो. नमुना न घेता अंदाजाने गोळ्या सुरू केल्या आणि जंतू औषधाला दाद न देणारे निघाले, तर मधले महिने वाया जातात आणि मणका खचत राहतो.

उपचाराचा पाया औषधे हाच आहे. भारतात पहिले २ महिने आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि एथॅम्ब्युटॉल, तर पुढचे १० महिने पायराझिनामाइड वगळून उरलेली तीन औषधे देतात. गरज पडल्यास हा काळ १८ महिन्यांपर्यंत वाढवतात. रिफाम्पिसिनमुळे लघवी नारिंगी होते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. मात्र डोळे पिवळे होणे किंवा नजर धूसर होणे डॉक्टरांना तातडीने सांगायला हवे. दुखणे बहुतेकदा काही आठवड्यांत कमी होते, आणि नेमके तेव्हाच गोळ्या सोडून देण्याचे प्रमाण वाढते. हाडातले जंतू तेवढ्यात मेलेले नसतात.

पूर्वी रुग्णाला महिनोन्‌महिने प्लास्टरमध्ये झोपवून ठेवत. ब्रिटिश वैद्यक संशोधन परिषदेच्या कोरियातील चाचण्यांत दिसले, की औषधे नीट चालू असतील तर त्याने वेगळा फायदा होत नाही. हाँगकाँगमध्ये ए. आर. हॉजसन यांनी रोगट हाड काढून तिथे नवे हाड बसवण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. वाराणसीचे डॉ. एस. एम. तुली यांनी १९७५ मध्ये मधला मार्ग मांडला: औषधे सर्वांना, शस्त्रक्रिया निवडक रुग्णांना. पायातली ताकद जात असेल, औषधे चालू असताना गळू वाढत असेल, कणा अस्थिर झाला असेल किंवा निदानच होत नसेल, तर शस्त्रक्रिया लागते. खुब्या-गुडघ्याच्या क्षयात सांधा आखडू नये म्हणून वेदना ओसरताच व्यायाम सुरू करतात.

लहान मुलांत औषधे संपल्यावरही काम उरते. रोग बरा झाला, तरी पोखरलेल्या मणक्याची वाढ असमान होते आणि कुबड वाढू शकते. म्हणून शरीराची वाढ पूर्ण होईपर्यंत दरवर्षी पाठीची तपासणी करत राहावी लागते.