भगवानदादांचा ताळेबंद

आमच्या परळच्या चाळीत गणपती विसर्जनाच्या दिवशी बँडवाल्यांना एक फर्माईश ठरलेली असायची. 'शोला जो भडके' वाजल्याशिवाय बाप्पा दारातून हलायचे नाहीत. माझे वडील गिरणीत साच्यावर होते. एरवी अगदी अबोल माणूस. पण ते सूर कानी पडले, की सदऱ्याच्या बाह्या वर सारून, कोपरं दुमडून, हात झुलवत ते गर्दीत शिरत. आम्हा मुलांना लाज वाटे. आई तोंडाला पदर लावून हसे. "हा नाच शिकावा लागत नाही," ते तिला सांगत, "दादा आपल्यातलाच माणूस आहे."

वडिलांचं म्हणणं खोटं नव्हतं. दादा म्हणजे भगवान आबाजी पालव. जन्म १९१३ चा. त्यांचे वडीलही गिरणी कामगार, आणि दादांनी स्वतःही मजुरी केलेली. कुस्तीचा नाद आणि सिनेमाचं वेड. मूकपटांतल्या छोट्या कामांपासून सुरुवात करून १९३८ साली 'बहादूर किसान'च्या सहदिग्दर्शनापर्यंत ते पोचले. पुढची दहा-अकरा वर्षं त्यांनी मारामारीचे स्टंटपट काढले. कमी पैशांत चित्रपट उभा करण्याची कला त्यांना साधली होती. कलाकारांच्या कपड्यांपासून जेवणखाणापर्यंत सगळीकडे त्यांचं लक्ष असे. प्रतिष्ठित समीक्षक या चित्रपटांकडे फिरकत नसतील. कामगार वस्त्यांतला प्रेक्षक मात्र हक्काचा होता. १९४२ मध्ये दादा निर्माते झाले आणि १९४७ मध्ये चेंबूरला त्यांनी जागृती स्टुडिओ उभारला.

याच काळातली एक नोंद मात्र वगळता येत नाही. १९४२ मध्ये एका चित्रीकरणात दादांना ललिता पवारांच्या थोबाडीत मारायची होती. हात जोरात बसला. ललिताबाईंच्या चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, डावा डोळा कायमचा अधू झाला. नायिका म्हणून त्यांची कारकीर्द तिथंच थांबली. पुढे खाष्ट सासू होऊन त्यांनी पडदा गाजवला तो स्वतःच्या जिद्दीवर.

राज कपूर यांनी दादांना सामाजिक चित्रपट काढण्याचा सल्ला दिला आणि १९५१ मध्ये 'अलबेला' आला. नायिका गीता बाली, संगीत सी. रामचंद्र यांचं, आणि नायकाच्या भूमिकेत स्वतः भगवान! ठेंगणा, गुटगुटीत, नायकाच्या कुठल्याच साच्यात न बसणारा हा गडी गीता बालीसमोर थोडकीच पावलं टाकत असे, पण ती इतक्या मजेनं, की खुर्चीतल्या माणसाचे पाय आपोआप हलू लागत. चित्रपटाचा नायक नोकरी गमावलेला साधा पोरगा. नट होण्याच्या ध्यासानं तो घर सोडतो, मोठा होतो आणि परत येतो तेव्हा घर विस्कटलेलं असतं. 'अलबेला' तुफान चालला. जुहूला २५ खोल्यांचा बंगला आणि आठवड्याच्या प्रत्येक वाराला वेगळी गाडी, असं दादांचं वैभव सांगितलं जातं.

मग १९५३ मध्ये 'झमेला' आला. तीच जोडी, तेच संगीतकार. पण ती जादू पुन्हा झाली नाही. १९५६ च्या 'भागम भाग'नं थोडा हात दिला. पुढे मात्र उतार लागला तो लागलाच. गाड्या गेल्या, बंगला गेला. दादा दादरच्या चाळीत राहायला आले. मिळेल ती भूमिका ते करत राहिले. कित्येकदा तर चार पावलं नाचून जाण्यापुरतीच. जुन्या मित्रांपैकी ओमप्रकाश, सी. रामचंद्र आणि गीतकार राजेंद्र कृष्ण चाळीत भेटायला येत. बाकीच्यांना तो पत्ता सापडेनासा झाला.

आयुष्यभर बँकेत कर्जाचे अर्ज तपासल्यामुळे माझी नजर आधी हिशेबाकडे जाते. निर्माता, दिग्दर्शक आणि नायक एकच. म्हणजे जोखीमही एकाच डोक्यावर. एका यशाच्या भरवशावर पुढचा डाव, आणि गाठीला काही बाजूला काढलेलं नाही. असा अर्ज माझ्या टेबलावर आला असता, तर मी तो नक्की परत पाठवला असता. त्यात माझं चुकलंही नसतं. चाळीतल्या त्या दिवसांना 'साधेपणा' म्हणून गोंजारावं असंही मला वाटत नाही. म्हातारपणी पैसा नसणं काय असतं, हे मी काउंटरपलीकडून पुष्कळ पाहिलं आहे.

पण १९८२ चा गणेशोत्सव आठवला, की माझा हिशेब अडतो. त्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला होता. मी नुकताच बँकेत लागलो होतो आणि घर माझ्या पगारावर चालत होतं. वडिलांना ते सहन होत नसे. महिनोन्‌महिने ते खिडकीशी बसून असत. जेवताना दुसरी पोळी मागायला संकोचत. अनंत चतुर्दशीला मिरवणूक निघाली, तरी ते खाली उतरले नाहीत.

बँडवाल्यांनी ते गाणं धरलं. मी वर पाहिलं. खिडकी रिकामी होती. जरा वेळानं वडील जिन्यातून उतरताना दिसले. गर्दीच्या कडेला उभे राहिले, बाह्या वर सारल्या आणि हात झुलवू लागले. या वेळी मला लाज वाटली नाही. मीही त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो.

४ फेब्रुवारी २००२ रोजी दादा दादरच्या घरीच गेले. २०१६ मध्ये 'एक अलबेला' हा त्यांच्या आयुष्यावरचा मराठी चित्रपट आला. मंगेश देसाई त्यात भगवानदादा झाले होते. मी तो एकट्यानंच पाहिला. वडील तोवर राहिले नव्हते. पडद्यावर तो नाच सुरू झाला आणि अंधारात माझी कोपरं दुमडली गेली.