डोक्यावर उगवलेले चेरीचे झाड

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. दुपारची जेवणे आटोपली होती आणि मी स्वयंपाकघरात कैरीचे पन्हे गाळीत बसले होते. तोच आतल्या खोलीतून 'आइ! आइ!' अशी हाक ऐकू आली. आवाज पुरुषाचा. पाठोपाठ बाईचा. कधी कुजबुजल्यासारखा, कधी दटावल्यासारखा, कधी अगदी रडवेला. सून कचेरीत, मुलगा परगावी. घरात मी आणि पंधरा वर्षांचा नातू, दोघेच. हातातले गाळणे तसेच घेऊन मी धावले. पाहते तो चिरंजीव संगणकापुढे पोट धरून हसताहेत, आणि पडद्यावर वेड्यावाकड्या रेघांची एक बाई एका पुरुषाच्या मागे लागली आहे!

"अगं आजी, जपानीत 'आइ' म्हणजे प्रेम," नातू म्हणाला.

"मग मी काय वेगळं म्हणते?" मी म्हटले, आणि टेकले. गाळणे तिथेच टेबलावर राहिले. पन्हे त्या दिवशी संध्याकाळी झाले.

तो चित्रपट योजी कुरी या गृहस्थांचा. नाव 'आइ', साल १९६३. त्यात संवाद नाहीत. तोरू ताकेमित्सु या प्रख्यात संगीतकाराने ध्वनिफितीवर नुसता 'आइ' हा एकच शब्द एका स्त्रीच्या नि एका पुरुषाच्या आवाजात तऱ्हेतऱ्हेने जोडून जी रचना केली होती, तीच त्याचे संगीत, तीच त्याची भाषा. पहिल्यांदा हसू येते. मग जरा घाबरायला होते. आणि मग मनात येते, लग्न झालेल्या माणसांना यात परके असे काहीच नाही!

जपानी कार्टून म्हटले की आपल्या घरांतून डोरेमॉन, नाही तर मोठ्या डोळ्यांची लढवय्यी मुले. जरा जुन्या मंडळींना युगो साको आणि आपले मुंबईचे राम मोहन यांनी मिळून केलेले १९९२चे 'रामायण' आठवेल. माझीही समज तेवढीच होती. पण त्या देशात या मोठ्या राजरस्त्याला लागून एक अरुंद बोळ आहे, आणि त्या बोळात राहणारी माणसे फार चमत्कारिक आहेत, हे मला त्या सुट्टीत कळले.

कुरी त्या बोळातले जुने रहिवासी. १९६० साली त्यांनी, र्‍योहेई यानागिहारा आणि हिरोशी मानाबे या दोन चित्रकारांबरोबर 'तिघांची अ‍ॅनिमेशन मंडळी' काढली आणि टोकियोच्या सोगेत्सु सभागृहात आपले चित्रपट दाखवायला सुरुवात केली. सोगेत्सु ही मूळची पुष्परचना शिकवणारी संस्था. फुले कशी मांडावीत ते शिकवणार्‍यांच्या दारी ही असली वात्रट चित्रे! मला ते फारच आवडले. कुरी २०२४ साली गेले, शहाण्णव वर्षांचे होऊन.

त्यांच्याही आधी नोबुरो ओफुजी होते. घरोघरी रंगीत नक्षीचा चियोगामी कागद असतो, तो कापून त्यांनी चित्रपट केले. पुढे १९५२ साली 'देवमासा' केला तो रंगीत पारदर्शक कागदाच्या आकृत्यांचा. काचांचे थर एकावर एक मांडायचे, त्यांवर आकृत्या ठेवायच्या, खालून उजेड सोडायचा आणि प्रत्येक चित्राला त्या बोटाने तसूभर सरकवायच्या. समुद्र असा दिसतो की जणू रंगीत काचेच्या खिडकीतून पाहावे. आपल्याकडे दिवाळीचा आकाशकंदील करताना जिलेटिनचा कागद दिव्यासमोर धरून पाहिला नाही, असा कोण आहे? हा मनुष्य त्यातून बाहेरच आला नाही, एवढेच.

सगळेच मला आवडले असे मात्र वाचकांनी समजू नये. 'देवदूताचे अंडे' नावाचा १९८५चा एक चित्रपट आहे, मामोरू ओशी यांचा. एक लहान मुलगी एक मोठे अंडे पोटाशी धरून ओसाड शहरातून चालली आहे. एकाहत्तर मिनिटांत बोलणे जवळजवळ नाही. मला मध्येच झोप लागली. जागी झाले तेव्हा मुलगी अंडे घेऊन चालतच होती! नातवाला मात्र तो प्राणाहून प्रिय. १९७३चा 'बेलाडोना' तर मुलांसमोर लावायचा नव्हेच. सुनेने त्याचे नाव काढताच तो बंद करून टाकला आणि ते योग्यच केले. आणि 'मांजराचे सूप' या नावाचा जो प्रकार आहे त्याबद्दल मी काही बोलत नाही. मांजरे पाळणार्‍या माणसाने तो पाहू नये.

पण ओसामू तेझुका? त्यांच्यापुढे मी हात जोडले. हे तेच, ज्यांच्या यंत्रमुलाची मालिका १९६३च्या १ जानेवारीला जपानी दूरदर्शनवर सुरू झाली आणि ज्यांनी दर आठवड्याला अर्धा तास भरायचा म्हणून चित्रे कमी, हालचाल बेताची, अशी काटकसरीची रीत बसवली. त्याच माणसाने दुसर्‍या हाताने, कुणी मागितले नसताना, उधळपट्टीचे चित्रपट केले. १९८४चा 'जम्पिंग' घ्या. कोणीतरी रस्त्याने उड्या मारीत चालले आहे. ते कोण, हे आपल्याला दिसत नाही, कारण त्याचे डोळे तेच आपले डोळे. पहिली उडी लहान मुलाची. दुसरी जरा उंच. मग झाडांच्या वर, घरांच्या वर, शहर ओलांडून, समुद्र ओलांडून. खाली उतरावे तो रणांगण! तिथून थेट नरक, आणि पुन्हा तोच रस्ता. सहा मिनिटांचा खेळ. एरवी मागचा देखावा एकदा रंगवला की झाले. पुढची पात्रे तेवढी पारदर्शक पत्र्यांवर हलवायची. इथे उडीबरोबर घरे, झाडे, क्षितिज, सगळेच हलते. म्हणजे प्रत्येक चित्र मुळापासून नवे. झाग्रेबच्या महोत्सवात त्याला पहिले पारितोषिक मिळाले.

त्यानंतरचा त्यांचा 'मोडका चित्रपट' तर आमच्या पिढीने पाहायलाच हवा. जत्रेतल्या तंबूत पाहिलेल्या सिनेमासारखी झिजलेली रीळ, पडद्यावर उभे ओरखडे, मध्येच चौकट घसरते, आणि नायक त्या घसरलेल्या चौकटीशीच झटापट करतो! हिरोशिमाचा आंतरराष्ट्रीय अ‍ॅनिमेशन महोत्सव १९८५ साली सुरू झाला, त्यातले पहिलेवहिले मोठे पारितोषिक या चित्रपटाला गेले. तो महोत्सव उभा करणारे रेन्झो आणि सायोको किनोशिता हे पतिपत्नी. त्यांनी स्वतः १९७८ साली 'पिका-दोन' केला. 'पिका' म्हणजे लखलखाट, 'दोन' म्हणजे धडाड. ६ ऑगस्ट १९४५ची हिरोशिमातली सकाळ. लोक आपापल्या कामाला लागलेले. आणि मग तो लखलखाट. हा चित्रपट नातवाने मला एकटीला पाहू दिला नाही. शेजारी येऊन बसला.

आता एक गोष्ट सांगते, जी मी घरी कुणाला सांगितलेली नव्हती. मी चौतीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले. दुसरीच्या वर्गात एका मुलाने कुत्रा काढला होता, आठ पायांचा. मी विचारले, "अरे, कुत्र्याला पाय किती?" तो म्हणाला, "चार." "मग हे?" "बाई, तो पळतोय." वर्ग हसला. मीही हसले, आणि त्या चित्रावर लाल पेन्सिलीने फुली मारली. पोराने चित्र घडी करून खिशात घातले. पुढे त्याने माझ्या तासाला फळ्यावरचे आंब्याचे पान तेवढे काढले, हुबेहूब. त्याला मी शाबासकी देत असे!

'जम्पिंग' पाहताना तो कुत्रा मला आठवला. पळणारा कुत्रा दाखवायचा तर चित्रकाराला पाय कितीदा तरी काढावे लागतात. त्या मुलाने ते सारे एकाच कागदावर काढले होते, एवढीच काय ती त्याची चूक. नेहमीच्या कार्टूनमध्ये हे सारे कष्ट झाकलेले असतात. रेघ इतकी गुळगुळीत की ती कोणा हाताने ओढली हे विसरावे. या बोळातल्या माणसांच्या चित्रांत रेघ थरथरते, रंग कडेबाहेर जातो, कागदाची घडी दिसते. कुणीतरी एकटा दिव्यापाशी बसून हे करतो आहे, हे सारखे जाणवत राहते. मला वाटते, नातवाला ओढते ते हेच. आणि मलाही.

कोजी यामामुरा यांचे 'डोंगराएवढे डोके' आम्ही तीनदा पाहिले. मूळ कथा त्यांच्याकडच्या राकुगो कथनकारांची, जुनी. एक कंजूष मनुष्य. चेरी खातो, पण बिया टाकवत नाहीत म्हणून त्याही गिळतो. टाळूवर अंकुर फुटतो! कापला की पुन्हा येतो. शेवटी झाड होते, मोहोर येतो, आणि लोक सतरंज्या घेऊन डोक्यावर सहलीला येतात, पितात, गातात, घाण करतात. चिडून तो झाड मुळासकट उपटतो. पडलेल्या खड्ड्यात पावसाचे पाणी साठते, तळे होते; आता पोहणारे येतात. वैतागून हा बिचारा त्या तळ्यात उडी टाकतो. कोणत्या? स्वतःच्या डोक्यावरच्या! नातवाने नि मी त्यावर तासभर वाद घातला. डोके पाण्यात, पाणी डोक्यात. मग बुडाले कोण? हे सारे ताकेहारू कुनिमोतो शामिसेन वाजवीत अर्धे गाऊन, अर्धे बोलून सांगतात. कीर्तनात आख्यान रंगात आले की बुवा कसे आवाज खाली घेतात, अगदी तसे. दहा मिनिटांचा हा चित्रपट २००३ साली ऑस्करच्या अंतिम यादीत होता, आणि त्याच वर्षी फ्रान्समधल्या अ‍ॅनसीचे पहिले पारितोषिक त्याला मिळाले.

ऑस्कर मिळाले ते पुढे २००९ साली, कुनिओ कातो यांच्या 'ठोकळ्यांच्या घरा'ला. पाणी वर चढते आहे, आणि एक म्हातारा दर वेळी घरावर आणखी एक मजला बांधून वर राहायला जातो. एकदा त्याचा पाइप खाली पाण्यात पडतो. तो काढायला तो पाणबुड्याचा पोशाख चढवून उतरतो, एक मजला, मग दुसरा, मग तिसरा. प्रत्येक मजल्यावर त्याची बायको, मुलगी, संसार. आम्ही पाहिलेल्या प्रतीत एक शब्दही नाही. आमचे हे जाऊन सहा वर्षे झाली. चित्रपट संपल्यावर नातवाने बराच वेळ दिवा लावला नाही. तेवढी समज त्याला आहे.

त्यानेच मला सांगितले की मिराइ मिझुए नावाच्या एका तरुणाने वर्षभर रोज चोवीस चित्रे काढली. चोवीस चित्रे म्हणजे पडद्यावरचा एक सेकंद. वर्षाची ८,७६० चित्रे झाली आणि त्यांतून २०१४चा 'वंडर' तयार झाला. "आजी, तू एक सेकंद कर ना," तो म्हणाला.

मी वाण्याकडून कोरी शंभर पानी वही आणली. आमची मनी खिडकीतून उतरून स्वयंपाकघरात जाते, तेवढेच काढायचे ठरवले. रोज दोन-तीन पाने, चहानंतर. गणपतीच्या सुमारास चोवीस पुरी झाली. नातवाने वहीची कड अंगठ्याने सरसर सोडली, आणि मनी उतरली! सतराव्या पानावर तिला पाच पाय झाले आहेत. खोडरबर शेजारीच होते. ते पान मी तसेच ठेवले आहे.