गॅलरीत बसायचं, पण कशावर?

फ्लॅट लहान असो की मोठा, आपली गॅलरी प्रत्येकीला प्रिय असते. सकाळचा दुसरा चहा, दुपारी मेथी निवडणं, संध्याकाळी शेजारणीशी दोन शब्द, सारं तिथंच. मग तिथं बसायला काही छानसं हवं, असं वाटलं तर त्यात काय चुकलं? काहीच नाही. पण खरेदीला निघण्यापूर्वी, मैत्रिणींनो, माझी गोष्ट ऐका.

गेल्या दिवाळीत मी हौसेनं दोन खुर्च्या आणि एक स्टूल आणलं. भाऊबीजेला भाची तिच्या साडेतीन वर्षांच्या मुलाला घेऊन आली. आम्ही दोघी स्वयंपाकघरात. खाली घंटागाडीचं गाणं वाजलं, आणि हा पठ्ठ्या स्टूल कठड्याशी सरकवून वर चढला. ह्यांनी पाहिलं तेव्हा तो कमरेतून बाहेर वाकला होता! हाक न मारता ह्यांनी मागून जाऊन त्याला अलगद उचललं, म्हणून निभावलं. त्या दिवशी जेवण कुणाच्या घशाखाली उतरलं नाही.

नंतर मी टेप घेऊन बसले. २००५ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत गॅलरीच्या कठड्याची उंची १ ते १.२ मीटर सांगितली होती. १ मीटर म्हणजे सुमारे ३९ इंच. खुर्चीची बैठक साधारण १८ इंचांवर असते. म्हणजे खुर्चीवर उभ्या राहिलेल्या मुलापुढे कठडा उरतो अवघा २१ इंच! जुन्या इमारतींत तर त्याहूनही कमी. तेव्हा दुकानात रंग नि गाद्या पाहण्याआधी हे वजाबाकीचं गणित घरी करा.

घरात लहान मूल असेल, किंवा नातवंडं येत-जात असतील, तर घडीची खुर्चीच घ्या. बसून झालं की ती खुर्ची आत, आणि गॅलरीच्या दाराची वरची कडी बंद. स्टूल, मोडा, कुंड्यांचं स्टँड, उपडी बादली, यांतलं काहीही कठड्यालगत नको. ग्रिल आहे म्हणूनही निर्धास्त राहू नका. आडवे गज म्हणजे मुलांना आयती शिडीच. मूल लहान असेपर्यंत सतरंजी नि लोड यांची बैठक सर्वांत सुखाची, खर्चही कमी.

आता टिकाऊपणाचं. वेताची खुर्ची दिसते देखणी, पण पावसाची झड लागली की तिला बुरशी धरते. प्लायवूड ओलीनं फुगतं. साध्या प्लॅस्टिकची खुर्ची उन्हानं हळूहळू कडक होते नि एखाद्या दिवशी कडकन मोडते. पायाशी बारीक चिरा दिसल्या की ती बाद करा. लोखंड मुंबई-कोकणच्या खाऱ्या हवेत लवकर गंजतं. तिथं अ‍ॅल्युमिनियम बरं. सागवान महाग, पण वर्षातून एकदा तेलाचा हात दिला तर वर्षानुवर्षं साथ देतं.

वरच्या मजल्यावर हलकी खुर्ची वाऱ्यानं उडू शकते, हेही ध्यानात असू द्या. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा घरांचे पत्रेसुद्धा उडाले. तिथं खुर्चीची काय कथा! वादळाचा इशारा ऐकताच खुर्च्या, कुंड्या, कपड्यांचं स्टँड, सारं घरात घ्या. खालून जाणाराही कुणाच्या तरी घरचा असतो.

झोपाळ्याची हौस असेल तर हुक फॉल्स सीलिंगमध्ये नव्हे, स्लॅबमध्येच हवा. तोही इमारतीच्या इंजिनिअरला विचारून. झोपाळा कठड्याला समांतर झुलला पाहिजे, कठड्याच्या दिशेनं नव्हे.

शेवटी जागेचं. चार फूट रुंदीच्या गॅलरीत खुर्ची ठेवल्यावर दार पुरतं उघडतं का, कपडे वाळत घालायला हात पोचतो का, ते पाहा. जमिनीवर खडूनं खुर्चीचा आकार आखून एक दिवस त्याभोवती वावरून बघा. अडखळलात तर दोनऐवजी एकच खुर्ची आणा.

माझं ते स्टूल आता देवघरात आहे. गॅलरीत सतरंजी अंथरून आम्ही दोघं चहा घेतो. भाचीचा मुलगाही मांडी घालून बसतो, आणि घंटागाडी आली की गजांमधून पाहून टाळ्या वाजवतो.