टाळी एकदाच, घड्याळ दिवसभर

शूटिंगमध्ये चित्र कॅमेऱ्यात जातं आणि चांगला आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर. दोन्ही नंतर जुळवायचे म्हणून क्लॅपच्या फळ्यांची टाळी. संकलक फळ्या मिटल्याची फ्रेम शोधतो, आवाजातला ‘टक्’ शोधतो आणि दोन्ही एकाखाली एक आणतो. पण चार कॅमेरे एखाद्या लग्नात वा कीर्तनात फिरत असतील, तर टाळी कोणाकोणापुढे वाजवणार?

इथे टाइमकोड कामी येतो. प्रत्येक फ्रेमला तास, मिनिट, सेकंद आणि फ्रेम असा पत्ता मिळतो: १०:४२:१७:०९. त्यासाठी टाइमकोड देणारी काडेपेटीएवढी डबी प्रत्येक कॅमेऱ्याला आणि रेकॉर्डरला लावायची. सकाळी सगळ्या डब्या एकमेकींशी जुळवल्या की प्रत्येक डबी आपापलं घड्याळ चालवते. कॅमेऱ्याला टाइमकोडची खाच नसेल तर डबी हा पत्ता आवाजाच्या रूपात माइकच्या खाचेत सोडते. ऐकलात तर नुसती किरकिर; पण त्यात दर फ्रेमला ८० बिट असतात.

खरी कमाल आतल्या क्वार्ट्‌झ स्फटिकाची. घड्याळ लाखात एका भागानेच चुकलं, तरी आठ तासांत ०.२९ सेकंद घसरतं. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर सात फ्रेम! ओठ आणि शब्द वेगळे झालेले कुणालाही दिसतील. स्फटिकाची गती तापमानाने बदलते, म्हणून चांगल्या डबीत तापमान मोजून ती सावरणारं सर्किट असतं. तरीही दुपारी जेवणाच्या सुट्टीत डब्या पुन्हा जुळवून घ्याव्यात आणि क्लॅपही वाजवावा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. केबल सैल झाली, तर तीच टाळी हाताशी उरते.