फुकटचा चेहरा

हॅलोवीनचा सगळ्यात स्वस्त मुखवटा अमेरिकेत किराणा सामानाबरोबर घरी येतो. चपट्या बुडाची तपकिरी कागदी पिशवी रिकामी करायची, उलटी करून पोराच्या डोक्यावर घालायची, डोळे कुठे येतात ते बोटानं चाचपून खूण करायची आणि पिशवी काढून कात्री चालवायची. खांद्यांवर ती चुरगळते, म्हणून दोन्ही बाजूंनी अर्धगोल कापायचे. पुढचं काम खडूंचं आणि पोराच्या मर्जीचं. प्लॅस्टिकची पिशवी मात्र या खेळात अजिबात नको. कागद फाटतो, ओलसर होतो, कडांतून हवा येऊ देतो. प्लॅस्टिक नाकातोंडाला चिकटून बसतं.

या पिशवीचं चपटं बूड ही मार्गारेट नाइट या बाईंची देणगी. मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या एका पिशव्यांच्या कारखान्यात त्या कामाला होत्या. पिशवीचं बूड आपोआप दुमडून चिकटवणारं यंत्र त्यांनी बेतलं. ते लोखंडात घडवून घेत असताना एका माणसानं ते पाहिलं आणि स्वतःच्या नावे पेटंटचा अर्ज ठोकला. नाइटबाई लढल्या, आपली चित्रं आणि टिपणं पुढे ठेवली आणि जिंकल्या. पेटंट १८७१मध्ये त्यांच्या नावे झालं. पिशवीला बूड आलं म्हणून ती टेबलावर उभी राहू लागली आणि त्याच बुडामुळे ती पोराच्या टाळूवर टोपीसारखी बसते. हा दुसरा उपयोग पेटंटात नव्हता.

पिशवीला कमी लेखू नये. छायाचित्रकार इंगे मोराथ १९५८मध्ये सॉल स्टाइनबर्ग या व्यंगचित्रकाराचा फोटो काढायला गेल्या, तर हे गृहस्थ दारात आले ते डोक्यावर कागदी पिशवी घालून, आणि पिशवीवर स्वतःचाच चेहरा रेखाटलेला. त्यातून पुढे काही वर्षं दोघांनी मिळून एक चित्रमालिकाच केली. नीटनेटक्या कपड्यांतली मंडळी सोफ्यावर, खुर्च्यांवर आरामात बसलेली, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर पिशवी. सामान तेच, जे बालवाडीतल्या पोराकडे असतं.

सोंग घेऊन दारोदार जाण्याची चाल अमेरिकेत आयर्लंड-स्कॉटलंडहून आलेल्या लोकांबरोबर आली. तिकडे चेहऱ्याला काजळी फासायची, कपडे उलटे घालायचे, सलगम कोरून आत दिवा ठेवायचा. विकत आणण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. अमेरिकेत सलगमाच्या जागी भोपळा आला. न्यूयॉर्कमध्ये तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून बरीच वर्षं पोरांचा मुखवट्यांचा दिवस हॅलोवीन नव्हताच, थँक्सगिव्हिंग होता. आईबापांचे जुने ढगळ कपडे चढवून, तोंडाला काहीतरी बांधून पोरं रस्त्यावर पैसे आणि फळं मागत फिरायची. जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यात सोंगांचे मुखवटे गावचे असतात, देवांचे असतात, पिढ्यान्‌पिढ्या जपलेले असतात. हॅलोवीनचा मुखवटा एका रात्रीचा धनी. दुसऱ्या दिवशी तो कचऱ्यात गेला तरी कुणाला पाप लागत नाही.

या एका रात्रीचा धंदा करायला कारखानदार पुढे आले नसते तरच नवल. फ्रेमिंगहॅमच्या डेनिसन कंपनीनं १९०९मध्ये हॅलोवीनची पहिली पुस्तिका काढली. आपलाच क्रेप कागद वापरून घरी पोशाख, टोप्या, मुखवटे कसे करायचे, हे तिच्यात आणि नंतरच्या पुस्तिकांत सांगितलेलं असे. घरगुती कलेचा प्रसार म्हणा, कागदाची जाहिरात म्हणा. तो कागद दिसायला सुरेख आणि पेटायला तत्पर. आणि सण असा, की ओट्याओट्यावर मेणबत्त्या. दुसऱ्या महायुद्धात साखरेचं रेशनिंग होतं. ते १९४७मध्ये उठलं आणि दारोदार गोळ्या-चॉकलेटं मागण्याची प्रथा देशभर फोफावली. तिच्याबरोबर बेन कूपर आणि कॉलेजव्हिल या कंपन्यांचे खोक्यातले तयार पोशाखही. पातळ प्लॅस्टिकचा साच्यात उठवलेला मुखवटा, डोळ्यांना दोन भोकं, तोंडाला एक फट, मागे इलॅस्टिकची दोरी, तीही पिनांनी ठोकलेली. सोबतच्या झग्याच्या छातीवर त्याच पात्राचं चित्र आणि नाव छापलेलं. ड्रॅक्युला स्वतःचा फोटो छातीवर लावून का हिंडेल, हा प्रश्न गिऱ्हाइकाला पडत नसे. मुखवटा आतून घामानं निथळायचा आणि दोरी पिनेपाशी तुटायची.

घरी केलेला मुखवटा नेमका इथेच बाजी मारतो, पण तो नीट केला तरच. त्यासाठी पिशवीच्या पुढची पायरी कागद आणि खळ.

एक भाग मैदा, दोन भाग पाणी, चिमूटभर मीठ. मीठ बुरशी लांबवण्यासाठी. गुठळ्या मोडून शिजवून घेतली तर खळ गुळगुळीत होते. कच्चीनंही काम भागतं. वर्तमानपत्राच्या बोटा-दोन बोटांच्या पट्ट्या करायच्या, पण कापायच्या नाहीत, फाडायच्या. कात्रीची कड सरळ आणि जाड राहते, तिची रेघ रंगातूनही डोकावते. फाडलेली कड विरळ होत जाते आणि शेजारच्या पट्टीत मिसळते. वर्तमानपत्र एका दिशेनं सरळ फाटतं आणि दुसऱ्या दिशेनं वेडंवाकडं. ज्या दिशेनं सरळ फाटतं तिकडून पट्ट्या काढाव्यात. पट्टी खळीत बुडवली की दोन बोटांत धरून निपटून घ्यायची. नवशिक्याला वाटतं, जास्त खळ म्हणजे जास्त मजबुती. खरी गोष्ट उलट आहे. मजबुती कागदाच्या थरांतून येते आणि जादा खळ वाळायला नुसती दिवस लावते.

साचा म्हणून फुगा चालतो. एका फुग्याच्या दोन अर्धांतून दोन मुखवटे निघतात, म्हणजे भावंडांचं भांडण मिटतं. त्याहून चांगला साचा म्हणजे अमेरिकन घरात हमखास असणारा दुधाचा गॅलनचा प्लॅस्टिकचा डबा. तो उभा कापला की मुठीची बाजू चेहरा होते आणि मूठ हे तयार नाक! एवढं ऐटबाज नाक मातीतून घडवायला चांगला हात लागतो. डब्याला आधी थोडं व्हॅसलीन फासायचं, म्हणजे वाळलेला कागद सुटून येतो. किंवा डबा आतच राहू द्यायचा. भुवया चुरगळलेल्या कागदाच्या, गालफडं आणि फुगीर डोळे अंड्यांच्या खोक्याच्या वाट्यांचे. ही खोकीसुद्धा कागदाच्या लगद्याचीच असल्यानं त्यांची पट्ट्यांशी लगेच सोयरीक जमते.

थर किती? चार पुरतात. ते मोजायची जुनी युक्ती अशी, की एक थर साध्या बातम्यांच्या पानांचा आणि त्यावरचा रंगीत पुरवणीचा. खालचा कागद दिसेनासा झाला की थर पुरा झाला. दोन थर झाले की थांबून वाळू द्यायचं. इथे घाई केली तर बाहेरून कडक आणि आतून ओला, वास मारणारा मुखवटा पदरी पडतो. ऑक्टोबरअखेरीस बोस्टन-शिकागोकडे हवा गार असते, म्हणून तिथे तीस तारखेला रात्री खळ कालवायला बसणाऱ्यानं सरळ पिशवी घ्यावी. न्यू जर्सीतल्या मराठी घरांत याच आठवड्यांत दिवाळीही येते. आकाशकंदिलासाठी काढलेला कागद, डिंक आणि कात्री तेव्हा टेबलावर असतातच.

रंगाआधी पांढऱ्या रंगाचा एक हात हवाच. नाहीतर भुताच्या कपाळावर शेअर बाजाराचे भाव वाचता येतात. रंग चकचकीत नसावा. ओट्यावरच्या दिव्याखाली चकाकी आली की नाक-डोळ्यांचे उंचवटे हरवतात. मुखवटा दहा फुटांवरून, अंधारात, क्षणभर दिसणार असतो. सुरकुत्या आणि पापण्यांचे केस रंगवत बसणारे आपली हौस भागवतात. खोल डोळे, मोठं नाक आणि तोंडाची एक ठळक रेघ एवढ्यानं काम होतं.

याचा सगळ्यात गाजलेला पुरावा सिनेमातला आहे. जॉन कार्पेंटरचा ‘हॅलोवीन’ १९७८मध्ये जेमतेम तीन लाख डॉलरांत झाला. खुन्यासाठी खास मुखवटा घडवून घेण्याइतके पैसे नव्हते. कलादिग्दर्शक टॉमी ली वॉलेस हॉलिवूड बुलेव्हार्डवरच्या जादूच्या सामानाच्या दुकानातून तयार मुखवटे घेऊन आले. एक होता विदूषकाचा. दुसरा ‘स्टार ट्रेक’मधल्या कॅप्टन कर्कचा, म्हणजे विल्यम शॅटनरच्या चेहऱ्याचा, डॉन पोस्ट स्टुडिओनं काढलेला रबरी मुखवटा, किंमत १ डॉलर ९८ सेंट. वॉलेसनी त्याचे कल्ले उपटले, केस विस्कटले, चेहरा पांढराफटक केला आणि डोळ्यांची भोकं मोठी केली. कर्क नाहीसा झाला आणि जे उरलं त्यात राग नाही, हसू नाही, ओळख नाही. वॉलेसनी मुखवट्यात भर जवळपास काहीच घातली नाही, काढूनच टाकलं. घरी मुखवटा करणाऱ्यानं हा चित्रपट त्या पांढऱ्या रंगासाठी पाहावा, खुनांसाठी नाही पाहिला तरी चालेल.

भोकं मोठी केली, हे मात्र लक्षात ठेवण्याजोगं. माझ्या मते मुखवट्याची खरी कारागिरी चेहऱ्यात नसतेच, ती भोकांत आणि दोरीत असते. चेहरा कसाही जमला तरी सोंग उभं राहतं. भोकं चुकली तर पोर पायरीवरून पडतं. मुलांच्या बुबुळांमधलं अंतर साधारण पाच सेंटिमीटर असतं, मोठ्यांचं सहाच्या पुढे. आपल्या तोंडावर लावून पाहत पोराचा मुखवटा करणारे बाप इथे हमखास फसतात. मुखवट्याचे डोळे आणि पाहायची भोकं एकाच जागी हवीत असंही नाही. मोठ्या राक्षसाच्या नाकपुड्यांतून किंवा दातांमधून पाहता येतं. भोकाभोवती काळा रंग गडद लावला की भोक सावलीत मिसळतं, मग ते कितीही मोठं ठेवा. हार्पर लीच्या ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’मध्ये स्काउट हॅलोवीनच्या रात्री कोंबड्यांच्या जाळीवर कापड चढवून केलेल्या डुकराच्या मांडीच्या पोशाखात घरी निघते आणि तिला धड काही दिसत नाही. तीच जाळी पुढे तिचा जीव वाचवते, ही गोष्ट वेगळी. पण प्रत्येक पोशाख काही सुऱ्याचे वार झेलण्यासाठी शिवलेला नसतो.

दोरीचं गणित सोपं आहे. ती डोळ्यांच्या पातळीवर, कानांच्या जरा वर यावी. खाली बांधली तर मुखवटा कपाळावरून पुढे झुकतो. भोक पाडायच्या जागी आतून-बाहेरून कापडी चिकटपट्टी लावावी, नाहीतर कागद तिथेच फाटतो. मुखवटा जड असेल तर टाळूवरून मागे जाणारी तिसरी दोरी हवी. आत कपाळाशी आणि गालांशी स्पंजचे तुकडे चिकटवले की मुखवटा तोंडापासून सुटा राहतो, वारा खेळतो, घाम कमी येतो. चष्मा लावणाऱ्या पोरासाठी जुन्या चष्म्याच्या रिकाम्या चौकटीवर अर्धा मुखवटा चिकटवण्याचा बेत मनात आला, तर सोडून द्यावा. खरा चष्मा काढून पोराला अंधारात पाठवण्यात काय अर्थ?

कायद्यालाही मुखवट्यांचा विचार करावा लागला आहे. कू क्लक्स क्लॅनला आवरण्यासाठी जॉर्जिया राज्यानं १९५१मध्ये तोंड झाकून फिरण्यावर बंदी घातली, तेव्हा सणाच्या पारंपरिक सोंगांना तिच्यातून वगळावं लागलं. बालरोगतज्ज्ञांचा आक्षेप निराळा आहे. मुखवट्यानं नजर अडते, त्यापेक्षा चेहरा रंगवा, टोपी घाला, असं त्यांची अमेरिकेतली संघटना सांगते. सल्ला रास्त आहे. पण रंगवलेला चेहरा क्षणात उतरवता येत नाही, आणि मुखवट्याची निम्मी गंमत तर दार उघडणाऱ्या आजीबाईंसमोर तो काढून हसण्यात असते.

यावर तोड म्हणजे दोरी न लावता हातात धरायचा मुखवटा. तिकडच्या रंगाच्या दुकानांत डब्याबरोबर रंग ढवळायची चपटी लाकडी पट्टी फुकट मिळते. ती हनुवटीच्या आत, चेहऱ्याच्या मधोमध न लावता एका बाजूला चिकटवावी, म्हणजे हात तोंडासमोर येत नाही. रस्ता ओलांडताना मुखवटा खाली, दारापाशी वर. एका हातात मुखवटा आणि दुसऱ्यात गोळ्यांची पिशवी असल्यामुळे घंटा वाजवायला तिसरा हात लागतो. त्यासाठी आईबापांना बरोबर न्यावं.